डाव्या विंगेतली जागा

माझा थोरला भाऊ शरच्चंद्र सुभेदार दिसायला देखणा आहे, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो आहे. तो एक्क्याऐंशीचा झाला, मी शहात्तरचा. इतकी वर्षं कोणी त्याच्या रूपाचं कौतुक केलं की मी म्हणायचो, "उंची आहे जरा," आणि विषय बदलायचो. आमच्या आईनं सरळ नाक, गोरा रंग, दाट केस आणि तो खर्जातला आवाज असं सगळं पहिल्या खेपेलाच देऊन टाकलं. माझ्या वाट्याला चष्मा आला.

मी जळकुकडा आहे. हा शब्द माझ्या बायकोचा, मीराचा. पन्नास वर्षांत तिनं तो इतक्या वेळा वापरला की आता मला तो हाक मारल्यासारखाच वाटतो. पण मी म्हणतो, दादासारखा भाऊ नशिबी आलेल्या माणसानं जळू नये तर काय करावं? शाळेत मी त्याच्या मागून पाच वर्षांनी गेलो, तर पहिल्याच दिवशी मास्तर हजेरी थांबवून म्हणाले, "शरदचा भाऊ? तू?" त्या 'तू'मध्ये जे होतं ते मी अजून विसरलेलो नाही. खमरियाच्या फॅक्टरीत तो आधी लागला, मी नंतर. तो चार्जमन होऊन निवृत्त झाला, मी स्टोअरमधला कारकून. इस्टेटीतली, म्हणजे फॅक्टरीच्या वसाहतीतली, आमची क्वार्टर्स समोरासमोर होती. संध्याकाळी तो नुसता बनियनवर अंगणात पाणी मारायला उभा राहिला तरी येणारे-जाणारे सायकलवरून उतरून बोलायचे. मी माझ्या अंगणात पाणी मारताना लोक चिखल चुकवून जायचे.

तेही सगळं मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते एकच. एक वाक्य.

इस्टेटीतल्या मराठी मंडळींचं गणेशोत्सवात दरवर्षी नाटक व्हायचं. मोजकी चाळीस-पन्नास घरं, चहूकडे हिंदी, आणि वर्षातली एक संध्याकाळ अशी की स्टेजवरून मराठी ऐकू यायचं. दादा सव्वीस वर्षं नायक होता. मी सव्वीस वर्षं प्रॉम्प्टर. त्याच्या डाव्या हाताच्या विंगेत एक स्टूल, मांडीवर संहिता, हातात टॉर्च. लोकांना वाटतं हे काम म्हणजे नुसतं कुजबुजणं. तसं नसतं. नटाला अख्खं वाक्य कधी द्यायचं नाही. अख्खं दिलं की तो ऐकत बसतो आणि प्रेक्षकांना त्याचा कान टवकारलेला दिसतो. पहिला शब्द तेवढा द्यायचा, आणि तोही तो अडकल्यावर नाही, अडकायच्या आधी. दादा अडकणार असला की त्याच्या डाव्या हाताची करंगळी अंगठ्याला जाऊन लागायची. हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. मला समजायला चार नाटकं लागली.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली मंडळातल्याच एका ड्राफ्ट्समननं लिहिलेलं तीन अंकी नाटक बसवलं होतं. दादा त्यात बाप. शेवटी मुलगा भांडून घर सोडतो आणि बापाचं पानभर भाषण. पाठांतराचा दादाला पहिल्यापासून कंटाळा. दिग्दर्शक ओरडला की म्हणायचा, "रतन बसून राहिला ना विंगेत! मग काहून चिंता करता?" आणि नेमकं त्या संध्याकाळी रतनकडे, म्हणजे माझ्याकडे, त्या भाषणाचं पान नव्हतं. सुनेचं काम करणाऱ्या बाईंनी ते तालमीसाठी घरी नेलं होतं आणि ते त्यांच्या कणकेच्या डब्याखाली राहिलं. मी बत्तिसावं पान उलटलं तर समोर चौतिसावं. दादा दाराकडे बघतोय, करंगळी अंगठ्याला लागली, आणि माझ्याकडे द्यायला काहीही नाही.

मग मी दिलं. कुठून आलं देव जाणे. घामाघूम होऊन एकेक तुकडा देत गेलो आणि दादा तो उचलत गेला.

"गाडीची वेळ झाली. जा. पण जाताना दार लावू नकोस. या घराला दार उघडं ठेवायची सवय आहे. तू परत आलास तर बरंच आहे. नाही आलास तरी वारा येईल."

मागच्या रांगेत कोणी तरी पदरानं डोळे पुसले तर तिच्या बांगड्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला. आणि मग टाळ्या, थांबेचनात. पडदा पडल्यावर ड्राफ्ट्समन स्वतः आत आला, डोळ्यांत पाणी. म्हणाला, "शरदभाऊ, हे मी लिहिलं नव्हतं हो. पण हेच लिहायला पाहिजे होतं." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, टॉर्चमधले सेल काढत. दादानं मिशी उतरवली आणि म्हणाला, "सुचलं आपोआप."

सुचलं! आपोआप!

त्याला चांदीचा पेला मिळाला. ते वाक्य इस्टेटभर झालं. कोणाची बदली झाली, कोणाची मुलगी सासरी निघाली, कोणी नुसता सुट्टीवर नागपूरला चालला तरी म्हणायचे, "जा बाबा, नाही आलास तरी वारा येईल," आणि पुढे, "आपल्या शरदभाऊंचं हो हे!" आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या ह्या. त्या दिवशी घरी परतताना मी म्हणालो होतो, "दादा, ते शेवटचं..." तो म्हणाला, "मस्त जमलं ना?" आणि पुढे शीळ वाजवत गेला.

मला पेला नको होता. मला एवढंच हवं होतं की त्यानं एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणावं: ते वाक्य रतनचं आहे. तोंडानं मी मागणार नव्हतो. मागून घेतलेलं कौतुक म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली पोळी. चाळीस वर्षं मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्याची निवृत्ती झाली, पंच्याहत्तरी झाली, मंडळानं शाल दिली, त्यानं दर वेळी भाषण केलं. वहिनीचे आभार मानले, दिग्दर्शकाचे मानले, मंडप घालणाऱ्याचेसुद्धा मानले. मी दर वेळी खुर्चीच्या कडेला सरकून बसायचो आणि दर वेळी मागे सरकायचो.

वहिनी गेल्या आणि दादाचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गल्ली, मग नावं. एकदा तो शहपुऱ्याच्या बसस्टँडवर सापडला, पायात घरातल्या चपला. त्याचा मुलगा अनिमेष हैदराबादहून आला आणि त्यानं राइट टाउनमध्ये, एका जुन्या बंगल्यात अशा माणसांना सांभाळतात तिथे सोय केली. मला म्हणाला, "काका, तुमच्यानं नाही होणार आता." खरं होतं. म्हणूनच राग आला.

मी दर गुरुवारी रांझीच्या माझ्या घरून बसनं जातो. बघणारे म्हणतात, भाऊ असावा तर असा. कोणाला सांगणार की मी अर्धाच प्रेमापोटी जातो? उरलेला अर्धा त्या एका वाक्यासाठी जात होता. दादाच्या डोक्यातून रोज काही ना काही पुसलं जात होतं, आणि मला भीती वाटत होती की एक दिवस ती संध्याकाळही जाईल. मग म्हणणार कोण? साक्षीदार तर तो एकटाच. म्हणून चाळीस वर्षांची अकड सोडून मी विचारायला लागलो.

"दादा, ओळखलं का?"

"हो तर! बसा साहेब. चहा घेऊन राहिले का?"

"ते नाटक आठवतं? पान हरवलं होतं बघ."

"पान? अच्छा, अच्छा. जेवण झाल्यावर देतात इथे, पण कात कमी असतो."

एका गुरुवारी मी विजेचं मीटर बघणारा असायचो, एका गुरुवारी बँकेतला माणूस. रतन कधीच नाही. आणि तिथेही त्याचं नशीब बघा. मला पडसं झालं तर मीरा म्हणते, "वाफ घ्या आणि पडा." ह्याला विसरायचा आजार झाला तर भोवती सगळ्या आया. कोणी केस विंचरतंय, कोणी मफलर गुंडाळतंय. तिथल्या व्यवस्थापक पूर्णिमाजी मला म्हणाल्या, "आपके भाई साहब कितने हैंडसम हैं!" मी म्हणालो, "हाँ, हाइट है ज़रा."

मग एका गुरुवारी चार वाजता, सगळी म्हातारी माणसं चहासाठी हॉलमध्ये बसली असताना, दादा अचानक उठला. स्वयंपाकघराच्या दाराला एक जाड पडदा आहे, त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "गाडीची वेळ झाली. जा." मी हातातला कप खाली ठेवला. तोच आवाज. सगळं गेलं होतं आणि हे राहिलं होतं. "पण जाताना दार लावू नकोस. या घराला..." आणि करंगळी अंगठ्याला लागली.

मी योगायोगानं त्याच्या डावीकडेच बसलो होतो. मी हळूच म्हणालो, "दार."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पूर्वीही पाहायचा नाही. नुसता शब्द उचलला आणि पुढे गेला. शेवट झाल्यावर तिथेच राहणाऱ्या शुक्ला आंटींनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कोणाला एक अक्षर समजलं नव्हतं. त्या संध्याकाळी दादानं दोन पोळ्या न कुरकुरता खाल्ल्या.

त्यानंतर गुरुवारचा तो नेमच झाला. पडद्याआड माझ्यासाठी एक स्टूल आलं. दादा मला ओळखत नव्हता, पण माझा शब्द ओळखत होता. खोटं कशाला बोलू, ते चार-पाच महिने माझ्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले गेले. बुधवारी मी दाढी करून ठेवायचो. वाक्य रतनचं असं दादा म्हणाला नव्हता ते नव्हताच, पण आता वाटायचं, या स्टुलावर बसून बसून एक दिवस त्याला आठवेल. म्हणेलही.

आणि माझा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चार आठवडे धूळ आणि बस दोन्ही बंद केली. पाचव्या गुरुवारी काळा चष्मा लावून मी पोचलो, तर पडद्याआड स्टुलावर पुष्पा बसलेली.

पुष्पा तिथली आया. पंचेचाळिशीची, मंडल्याकडची, हातात हिरव्या बांगड्या आणि आवाज असा की अंगणात बोलली तर गच्चीवरच्याला समजावं. तिच्या मांडीवर मुलीची जुनी शाळेची वही होती.

"आ गए अंकल जी? आँख ठीक है?" ती स्टुलावरून उठली नाही.

"ये क्या चल रहा है?"

"क्या करती! आप आए नहीं और बाबूजी रोज़ चार बजे खड़े हो जाते थे. आधा बोलते, फिर अटक जाते, फिर रोते. खाना थाली में पड़ा रहता. तो आपके गुरुवार वाला जो मोबाइल में भरा पड़ा था, वही सुन-सुन के उतार लिया." तिनं वही दाखवली. लिपी तर एकच. तिनं सगळं मराठी हिंदीसारखं लिहून काढलं होतं, निळ्या शाईत, ओळीखाली ओळ.

"मतलब समझती हैं आप?"

"ना! मतलब से क्या करना है? रोटी तो खा लेते हैं."

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. मी बाजूला उभा राहून ऐकलं. तिला 'ळ' म्हणता येत नव्हता. तिनं दिलं, "गाडीची वेल झाली," आणि दादानं 'वेल' घेऊन स्वच्छ 'वेळ' म्हटलं. मी सव्वीस वर्षांत एकदा 'श'चा 'स' केला होता तर हा माणूस चहा प्यायला आला नव्हता! हिला काहीच नाही. उलट शेवटी पडद्याकडे बघून हसला. माझ्याकडे बघून तो कधी हसला होता?

त्यात ती प्रत्येक वेळी अख्खं वाक्य देत होती. ते मला सहन होईना. हेवा एकीकडे आणि काम एकीकडे. मी म्हणालो, "पूरा नहीं देना. पहला शब्द देना, बस. और अटकने से पहले."

"हाँ, वो तो मैं देखती हूँ ना, जब उँगली अंगूठे से लगाते हैं."

माझं पोट खरंच दुखलं. मला चार नाटकं लागली होती, हिला चार आठवडे.

घरी येऊन मी जेवलो नाही. मीरानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी सगळं ओकलो. ती आधी ऐकत होती, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अहो, आतापर्यंत हिरोवर जळत होते, आता प्रॉम्प्टरवर जळून राहिले का?"

"तुला नाही समजायचं."

"मला चांगलं समजते. जिथे दादा तिथे तुम्ही जळता. दुसरं कामच नाही तुम्हाला." मग जरा थांबून म्हणाली, "पण ते जेवून राहिले ना? मग झालं की."

झालं कसं? पुढच्या गुरुवारी मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी पुष्पाला म्हणालो, "वही दीजिए, गलतियाँ सुधार के लाता हूँ." आणि वही घरी आणून कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली घातली. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणालो, विसरलो. त्याच्या पुढच्याही गुरुवारी विसरलो म्हणालो. घरात विसरायचा आजार आहेच, एकाला की दोघांना, कोण बघतंय?

पुष्पा दादाच्या शर्टाला बटण लावत होती. दोरा दातानं तोडत म्हणाली, "रख लीजिए अंकल जी. मुझे तो याद हो गया."

मग मी पूर्णिमाजींच्या खोलीत गेलो. म्हणालो, हे बरोबर नाही, त्यांची मराठी बिघडून राहिली आहे, घरच्या माणसाचं काम घरच्या माणसानं करावं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंकल जी, आप गुरुवार को आते हैं. बाकी छह दिन चार बजे कौन बैठेगा?"

मी चष्मा पुसला. त्याला पुसण्यासारखं काही झालं नव्हतं. सहा दिवस चार वाजता रांझीहून येणं माझ्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं, ते त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. तरी मी एक सोमवार आणि एक मंगळवार येऊन पाहिला. दोन्ही दिवशी पुष्पानं उठून स्टूल दिलं, अगदी मानानं. पण मी पहिला शब्द दिला आणि दादानं तो घेतला नाही. मान वळवून पडद्याकडे पाहत राहिला, जसं फोनवर भलताच माणूस बोलला की आपण थांबतो. पुष्पा मागून हळूच म्हणाली, "दार." तो पुढे निघाला. माझी जागा गेली ती तेव्हा गेली. स्टूल कोणी ओढून घेतलं नव्हतं, त्याच्या कानानंच घेतलं.

त्यानंतर मी दोन गुरुवार गेलो नाही. मीराला सांगितलं डोळा दुखतो. ती म्हणाली, "डोळाच ना?"

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी तिनं तिळाच्या वड्यांचा डबा हातात दिला आणि दार उघडून उभी राहिली, तेव्हा निघालो. बस उशिरा आली. पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते, सगळे हॉलमध्ये बसले होते, दादा पडद्याच्या बाजूला कोट घालून उभा. मी सवयीनं पडद्याकडे निघालो तर त्यानं हात आडवा केला.

"ओ साहेब! तिकडे कुठे जाऊन राहिले? तिकडे आमचा माणूस असतो. तुम्ही समोर बसा."

"दादा, मी..."

"समोर, समोर. चलो, सुरू होऊन राहिलं."

शुक्ला आंटींनी शेजारच्या खुर्चीवरची त्यांची पिशवी उचलली. मी डबा मांडीवर घेऊन बसलो. अपमान झाल्यासारखं वाटत होतं, कान तापले होते. आणि दादानं सुरू केलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्याला समोरून कधी पाहिलंच नव्हतं. सव्वीस वर्षांत मला दिसला तो त्याचा डावा कान आणि डावा गाल, तोही चोरून, कारण डोळे कागदावर. समोरून हा वेगळाच माणूस होता. "दार लावू नकोस," म्हणताना त्यानं दाराकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जसं काही दार त्या हातांनीच लागणार होतं. "तू परत आलास तर बरंच आहे," आणि थांबला. आतून पुष्पानं एकच शब्द दिला. मला तो ऐकू आला कारण मला ते ऐकायची सवय आहे, बाकी कोणाला आला नाही. "नाही आलास तरी," म्हणून तो हसला. अगदी थोडं. मुलाला ओझं होऊ नये म्हणून बाप हसतो तसं. मग म्हणाला, "वारा येईल."

ते हसणं मी दिलं नव्हतं. मी तर घाबरून, घामानं निथळत, चिडल्यासारखं फुसफुसलो होतो. चाळीस वर्षं मी समजत होतो की टाळ्या माझ्या वाक्याला पडल्या. आज समोर बसून ऐकलं तर वाक्य साधंच होतं हो. कोणत्याही घरातला बाप म्हणेल असं. टाळ्या त्या हसण्याला होत्या. इतका चांगला होता हा? आणि अख्ख्या इस्टेटीनं पाहिलेलं ते हसणं मला एकट्याला दिसलं नव्हतं. मी दादावर जन्मभर जळलो, त्या दिवशी पहिल्यांदा प्रेक्षकांवर जळलो.

टाळ्या झाल्या. नाटक संपलं की सगळ्या कलाकारांना पुढे बोलावून ओळख करून द्यायची आमच्याकडे रीत होती, त्यात प्रॉम्प्टर कधी नसायचा. दादा खुर्चीवर येऊन बसेल असं वाटलं. तो उलटा वळला, पडद्यात हात घातला आणि पुष्पाला मनगटाला धरून बाहेर आणलं. तिच्या दुसऱ्या हातात भिजवलेल्या डाळीची वाटी होती, ती सांभाळत ती आली.

"मंडळी," दादा म्हणाला, "थांबा जरा. टाळ्या मला नका देऊ. त्या दिवशी पान हरवलं होतं. ते वाक्य माझं नव्हतं, ह्याचं होतं. मी नुसतं तोंड हलवलं. केव्हाचं सांगायचं होतं, राहूनच जात होतं. लाज वाटायची मला." त्यानं तिचं मनगट वर धरलं. "हा माझा धाकटा भाऊ. रतन."

हॉलमध्ये पंधरा माणसं होती. चारचौघांत म्हणावं अशी माझी इच्छा होती, आणि तो चारचौघांतच म्हणाला. समजलं मला एकट्याला.

"अंकल जी," पुष्पा लाजून हसत होती, "क्या बोले बाबूजी? मेरा ही कुछ बोले ना?"

"हाँ हाँ, बताइए," शुक्ला आंटी म्हणाल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पूर्णिमाजी दारात येऊन उभ्या होत्या.

वो रतन मैं हूँ. चारच शब्द होते, जिभेवर आले होते. म्हटले असते तर पुष्पानं लगेच हात सोडवून घेतला असता, भली बाई आहे, दादाला धरून माझ्यापुढे आणलं असतं. आणि दादाला काय दिसलं असतं? काळा चष्मा लावलेला, मांडीवर डबा घेतलेला कोणी मीटरवाला. रतन त्याच्या हातात होता. तो सुटला असता, आणि त्यानं सगळ्या हॉलभर शोधला असता.

"बोले," मी म्हणालो, "ये लाइन इन्होंने दी थी. और ये मेरा छोटा भाई है."

हॉल हसायला लागला. पुष्पा तर वाकून हसली, वाटीतली डाळ सांडली. "हाय राम! मैं भाई!" सगळे हसतात म्हणून दादाही हसला, पण मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं त्यानं तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या, पुरुष पुरुषाला मारतो तशा, जोरात.

मी टाळ्या वाजवत होतो. बाकीच्यांच्या थांबल्या, शुक्ला आंटींनी माझ्याकडे वळून पाहिलं, तरी वाजवत होतो. जन्मभर मी दादाचा हेवा केला, पण त्या बाईच्या पाठीचा वाटला तेवढा हेवा मला त्याचाही कधी वाटला नव्हता.